आबांचा अर्धा प्रश्न

या प्रवासाविषयी माझं एकदा लिहून झालं आहे. शाळेच्या वार्षिक अंकात दोन पानं. त्यात उजनीचं पाणी होतं, हुरडा होता, कालव्याकडेचा ऊस होता आणि सणसरचा गजी ढोलही होता. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी 'छान जमलंय हो' म्हटलं. मी ज्या कामासाठी गेलो होतो ते काम तेवढं त्यात कुठंच नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझा स्वभावच तसा आहे. मी सांगतो ते खोटं नसतं, पण सांगायचं ते राहून जातं.

आता मात्र पहिल्यापासून सांगतो. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना पाहुण्यासारखं तिकडं जायचं झालं, तर यातली एखादी गोष्ट उपयोगीही पडेल.

बारामती

शहाण्णव सालचा जानेवारी होता. माझी मुलगी वर्षा बारामतीत एका डेअरीत नोकरीला होती, दूध तपासण्याच्या विभागात. दोन वर्षं झाली होती. त्याच डेअरीत यंत्रांवर काम करणारा संपत नावाचा मुलगा तिनं स्वतः पसंत केला होता. दिवाळीत तिनं घरी सांगितलं. तिची आई म्हणाली, "तुम्ही जाऊन बघून या. तुम्ही म्हणाल तसं." म्हणजे निर्णय माझ्या अंगावर आला. मी पुण्यात एका शाळेत संगीत शिकवतो, तबला वाजवतो, आणि निर्णय घ्यायची वेळ आली की तबल्याला शाई नीट बसली आहे का ते बघत बसतो.

वर्षा स्टँडवर आली होती. समोरच्या हॉटेलात तिनं मला मिसळ खायला घातली. मिसळ आपल्याकडच्यापेक्षा तिखट, आणि पावाबरोबर न मागता कांद्याचा ढीग. ती स्वतः काही खात नव्हती.

"बाबा, तिथं जाऊन नुसतं बसू नका. बोला."

"बोलेन ना."

"तुम्ही 'बोलेन' म्हणता आणि बसता." तिनं माझ्या ताटलीतला कांदा उचलला. "हो म्हणा, नाही म्हणा. नाही म्हणालात तर मी भांडेन तुमच्याशी. पण म्हणा काहीतरी."

मी मान हलवली. माझ्या मनात काय होतं ते मलाच धड ठाऊक नव्हतं. मुलगा चांगला होता, हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं. संपतच्या घरी एके काळी मेंढरं होती. आजा-पणजा कळप घेऊन कोकणापर्यंत उतरायचे. आता शेती, ऊस, नोकरी, सगळं होतं. मी वर्गात मुलांना जातिभेदावर भाषण देणारा माणूस. मला त्याचं काही वाटणार नाही असं मी धरून चाललो होतो. पण वाटत होतं. ते कशात घालावं, कुठं ठेवावं हे कळत नव्हतं, म्हणून मी त्याला 'विचार करतोय' असं नाव दिलं होतं.

मला त्यांच्या गावी, सणसरला, न्यायला संपतचे चुलते आले, तात्या. काळे, ठेंगणे, डोक्याला मफलर, मोटारसायकल. मुलीनं बोलण्याला हजर राहायचं नाही अशी तिकडची रीत, त्यामुळं वर्षा बारामतीतच राहिली. मी मागं बसलो आणि तात्यांनी बोलायला सुरुवात केली.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. तात्या बोलत होते, मी ऐकत होतो. आपल्याकडं ऐकणं म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं. वाक्य संपलं, समेवर आलं, की आपण मान हलवतो, 'अच्छा' म्हणतो. पण तात्यांचं वाक्य संपेचना. ते मध्येच थांबायचे, मी पुढच्या शब्दाची वाट बघायचो, ते मान वळवून माझ्याकडं पाहायचे आणि तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्यानं.

"ह्यो कालवा नीरेचा!"

मी वाट पाहिली.

"ह्यो कालवा! नीरेचा!"

रस्त्यानं ऊस भरलेल्या बैलगाड्यांची रांग होती. गाडीवान मागं वळून बघू लागले. तात्या ओरडत होते आणि मी अदबीनं गप्प होतो.

काटेवाडीचा चहा

काटेवाडीत चहाला थांबलो. तिथं तात्यांना ओळखीचा एक गृहस्थ भेटला, आणि टेबलापलीकडं बसून त्या दोघांचं बोलणं ऐकताना मला जरा उजेड दिसला.

"आवंदा तोड—" तात्या.

"व्हय."

"—लवकर आली म्हून—"

"हां, हां."

"—न्हायतर सगळा—"

"वाळला असता. आमचा वाळलाच की."

म्हणजे वाक्य एकानं सुरू करायचं आणि दुसऱ्यानं संपवायचं. मधला 'व्हय' वाक्याच्या शेवटी येतच नव्हता, तो दोन शब्दांच्या फटीत पडत होता. आमच्या भाषेत सांगायचं तर मात्रेवर नाही, मात्रेच्या अलीकडं. मी बोटानं टेबलावर मोजू लागलो. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा वेगळं आलं. पण त्यांचं एकदाही चुकत नव्हतं, दोघं एकमेकांवर आदळतही नव्हते. मला मौज वाटली, आणि आपणही हे करून बघावं असं वाटलं.

पुढं रस्त्याला लागल्यावर तात्या म्हणाले, "आमचा थोरला भाऊ, संपतचा बा, लेकरू ल्हान असतानाच—"

"हां, हां!" मी उत्साहानं म्हणालो.

तात्यांनी गाडी हळू केली. वळून माझ्याकडं बघितलं. मग ते पुढं बघून गाडी चालवू लागले. मी मागं बसून कानशिलापर्यंत तापलो होतो. 'गेला' हा शब्द माझ्या हां-हां मध्ये कुठंतरी चिरडला गेला होता.

सणसर

तात्यांचं घर उसाच्या मधोमध. अंगणात म्हशी, त्यांच्यापुढं उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, भारा. गेल्या गेल्या शेतात नेऊन हुरडा खाऊ घातला. गरम राखेतून कणसं काढून हातावर चोळून द्यायची, सोबत लसणीची चटणी, गूळ. पुण्यात आम्ही हुरडा वाटीत घालून चमच्यानं खातो, हे मी सांगितलं तेव्हा काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, तोंडाला पदर लावून हसल्या.

थोड्या वेळानं त्याच काकू एका वाटीत कोमट तेल घेऊन आल्या. लसूण घालून कढवलेलं.

"कलंडा जरा," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"कानात घालाया. ह्यांनी सांगितलं गुरुजींस्नी ऐकू कमी येतंय."

मला ऐकू येतं हे पटवून द्यायला वेळ लागला. तात्या म्हणाले, "मग रस्त्यानं हुंकार का न्हाय दिला? मला वाटलं भिताडाशी बोलतोय."

संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढच्या पटांगणात गजी ढोल होता, ढोलावरचा रिंगणातला नाच. काही सण नव्हता, मुलं पुढच्या यात्रेसाठी सराव करत होती. संपत कामावरून थेट तिथंच आला. उंच, हडकुळा, हसला की सगळे दात दिसणारा. माझ्या पाया पडला आणि गळ्यात ढोल अडकवून उभा राहिला. काही ढोल, झांजा, एक सनई, आणि रिंगण धरून पुरुष, हातात रंगीत रुमाल.

ते सुरू झालं आणि मी नेहमीच्या सवयीनं सम शोधायला लागलो. आयुष्यभर दुसरं काय केलं? चार आवर्तनं झाली तरी सम सापडेना. जिथं पाय जमिनीवर पडतो तिथं ढोलाचा घाव नाही. घाव येतो तो पाय हवेत असताना. आणि एवढं करून सगळे एकाच वेळी वळतात, एकाच वेळी वाकतात, रुमाल एकाच वेळी उडतात. माझा स्वतःचा पाय ठेका धरायला गेला आणि चप्पल निसटून रिंगणात गेली.

"हे चालतं कसं?" मी तात्यांना विचारलं.

"पाय पडतो तितं ढोल कशाला वाजवायचा? पायाचा आवाज असतोच की."

शेजारी बसलेला एक म्हातारा खवळला. "काय बी सांगतो पाव्हण्यास्नी! ढोल फुडं पळतोय, पाय मागनं येत्यात. दम लागलाय पायास्नी."

"तुझ्या पायास्नी."

"माझं बघ जा! तुझ्या बापाला नाचवलाय मी."

मी संपतला विचारलं. तो घाम पुसत म्हणाला, "मला न्हाय सांगता यायचं. मी मशीन दुरुस्त करतो तवा सांगू शकतो काय बिघडलंय. हे बिघडलेलंच न्हाय, तर काय सांगू?" आजही कुणी विचारलं तर माझ्याकडं तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही पटत नाहीत.

ढोल थांबल्यावर ओव्या झाल्या. एक गाणारा, मागं दोघं झेलकरी. झेलकरी म्हणजे झेलणारे. गाणारा ओळ सुरू करतो आणि शेवटचे शब्द सोडून देतो. ते खाली पडायच्या आत झेलकरी ते उचलतात आणि लांबवत नेतात, तोवर गाणारा पुढच्या ओळीत शिरलेला असतो. ओळ कधीच पुरी पडत नाही. ऐकताना मला सारखं वाटत होतं, आता कुणीतरी चुकणार.

घरी परतताना कालव्याच्या कडेनं चालत तात्या जरा थांबले. इकडंतिकडं बघितलं. आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"गुरुजी, उद्या इंदापूरला आबांकडं जायचं. संपतचा मामा. पोरगं त्यांनीच वाढवलंय, शबुद त्यांचा. आबा तुमाला इचारतील. पण पुरतं न्हाय इचारायचं."

"म्हणजे?"

"पुरतं इचारलं तर तुमाला व्हय तरी म्हणावं लागंल, न्हायतर न्हाय तरी. न्हाय म्हणल्यावर मग पाव्हण्याला भाकरी ग्वाड लागंल का? म्हून मधीच सोडायचं. तुमच्या मनात असंल तर तुमी उचला. नसंल तर गप बसा. आबा चहा मागिवतील. झालं. कुणी इचारलं न्हाय, कुणी न्हाय म्हणलं न्हाय. फुडं बाजारात गाठ पडली तर राम राम करता येतो."

मी म्हणालो, "कळलं."

या एका शब्दासाठी हा सगळा लेख आहे, म्हणून तो पुन्हा लिहितो. मी म्हणालो, कळलं. आणि मला खरोखरच कळलं होतं.

इंदापूर

दुसऱ्या दिवशी इंदापूर. तात्यांनी मुद्दाम वाकडी वाट करून उजनीचं पाणी दाखवलं. धरणाचं पाणी तिथं इतकं पसरलं आहे की पलीकडचा काठ धुक्यात जातो. काठावर एका झोपडीवजा खानावळीत तळलेली चिलापी मासळी खाल्ली. काटे बाजूला काढता काढता माझा सदरा तेलकट झाला, तो पुढं दिवसभर तसाच.

आबांचं घर गावाच्या टोकाला, डाळिंबाच्या बागेला लागून. आबा पांढऱ्या फेट्यातले, अंगानं किडकिडीत, आवाज इतका हलका की पुढं वाकून ऐकावं लागे. संपतची आईही भावाकडंच राहायला आली होती. ती स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

आबा बोलू लागले. पाऊस. डाळिंबावरचा रोग. त्यांच्या वडिलांनी कळप विकला त्याची हकीकत. शेवटची मेंढी जाताना वडील गोठ्यात जाऊन बसले आणि दोन दिवस जेवले नाहीत. आबांचं बोलणं म्हणजे त्या ओवीसारखंच. सोडायचं, उचलायचं, सोडायचं. आणि मला ते जमायला लागलं. का कोण जाणे, पण जमलं. "मग बाबांनी कळप—" "हं." "—इकाय काढला तवा—" "व्हय." माझे हुंकार बरोबर फटीत पडत होते. एकदा तर मी त्यांचं वाक्य पुरं केलं आणि आबांनी खूश होऊन तात्यांकडं बघितलं. मला गंमत वाटत होती. बऱ्याच वर्षांत इतक्या माणसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

मग आबा जरा थांबले. फेटा नीट केला.

"मग गुरुजी, आमचा संपत तुमाला—"

सोडलं.

माझ्या तोंडात शब्द तयार होता. 'पसंत आहे.' तो म्हणायला जीभ उचललीही होती असं मला आठवतं. चौकटीपाशी बांगड्या वाजल्या. तात्या पुढं झुकले होते. आणि त्या तेवढ्या जागेत माझ्या डोक्यातून काय काय गेलं म्हणून सांगू. आमच्या सोसायटीचा जिना, जिन्यावर भेटणारी माणसं, 'कुठली सोयरीक?' हा प्रश्न. धाकट्या भावाचा चेहरा. आणि त्याच्या मागोमाग एक स्वच्छ, थंड विचार. गप्प बसलास तर तुला काहीच बोलावं लागणार नाही. कुणी म्हणू शकणार नाही की तू नाही म्हणालास.

मी गप्प बसलो.

"चहा ठेवा गं," आबा आतल्या दिशेनं म्हणाले.

तात्यांनी पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. चौकटीतली बाई उठून आत गेली. चहा आला, गोड होता. आबा पुन्हा डाळिंबाविषयी बोलू लागले, त्याच हलक्या आवाजात, कुठंही कडवटपणा नाही. निघताना त्यांनी मला पिशवीभर डाळिंबं दिली. मी हात जोडले. सगळं इतकं सुरेख, इतकं सभ्यपणे पार पडलं की मला क्षणभर वाटलं, खरोखरच काही झालं नाही.

पुन्हा बारामती

संध्याकाळी वर्षा स्टँडवर उभी होती.

"काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलंच नाही."

शब्दन् शब्द खरा. एसटीत बसून मी तो तयार करून आणला होता.

"विचारलं नाही? तात्या तर म्हणाले होते, आबा विचारणार."

"नाही विचारलं."

मला लॉजवर सोडून गेली. रात्री मी डाळिंब सोलायचा प्रयत्न केला, नीट सोललं गेलं नाही, चादरीवर डाग पडले.

सकाळी पुण्याच्या गाडीला मला बसवून द्यायला ती आली. डोळे सुजलेले होते, पण बोलत होती, आणि तेच वाईट होतं.

"मी विचार केला, बाबा. चूक माझीच असणार. गेल्या महिन्यात संपतच्या आई डेअरीत आल्या होत्या. मी काहीतरी ऐकून खूप मोठ्यानं हसले त्यांच्यासमोर. पोरगी उथळ आहे असं वाटलं असेल त्यांना."

मी फलाटावरच्या पाट्या वाचत होतो.

"नाहीतर तो ड्रेस. मी साडी नेसायला हवी होती." ती जरा थांबली. "तुम्ही एवढं ठरवून आलात, बोलायचं म्हणून. तुम्हाला किती जड जातं मला माहीत आहे. आणि त्यांनी असं... सॉरी बाबा."

तिनं माझी माफी मागितली. मी ते सहन करू शकलो नसतो असं लिहिलं तर बरं दिसेल. पण खरं म्हणजे मी थोडा वेळ तेही सहन केलं. गाडी फलाटाला लागली, लोक चढू लागले, मी पिशवी उचलली. मग म्हणालो, "विचारलं होतं. अर्धं."

पुण्यातल्या मुलीला हे कळलं नसतं. ती दोन वर्षं बारामतीत राहिलेली होती.

"अर्धं म्हणजे कुठपर्यंत?"

"'तुमाला'पर्यंत."

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागली. मला वाटलं, पुण्याच्या गाडीकडं जातेय. ती इंदापूरच्या गाडीत चढली.

पुन्हा इंदापूर

सबंध वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत होती. काटेवाडी गेलं, सणसरचा फाटा गेला. मी आबांना काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. अजूनही मी जुळवतच होतो.

आबा अंगणात शेळीच्या पायाला हळद लावत बसले होते. आम्हाला बघून त्यांना आश्चर्य वाटलं की नाही, सांगता येत नाही. पाणी दिलं. पाऊस, डाळिंब, शेळीचा पाय. मला वाटलं आता ते पुन्हा विचारतील, पुन्हा मधेच सोडतील, आणि या वेळी मी झेलेन. मी हुंकार देत टपून बसलो. पण ते विचारीनात. जे एकदा सोडलं ते परत सोडत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी मीच सुरुवात केली.

"आबा, काल जरा घोटाळा झाला. आमच्याकडं प्रश्न पूर्ण विचारतात. तुमच्याकडची पद्धत वेगळी, मला तिची सवय नाही. तुम्ही थांबलात, मला वाटलं तुम्ही पुढं बोलणार आहात, म्हणून मी थांबलो. नुसता गैरसमज."

हे मी म्हणालो. वर्षा शेजारी बसलेली असताना.

आबांनी माझं वाक्य शेवटपर्यंत होऊ दिलं. मध्ये एकही हुंकार दिला नाही. आपलं बोलणं असं भिंतीवर पडणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "ज्याला रीत ठावं नसती, त्यो गप बसताना बी चुकतो. 'काय म्हणालात?' म्हून इचारतो. खोकतो. न्हायतर आपलं भलतंच कायतरी बोलतो. काल तुमी बरूबर जाग्याव गप बसला. केसभर हिकडं न्हाय का तिकडं न्हाय. मी तवाच म्हणलं, माणूस जाणता हाय. न्हाय म्हणतोय, पर रीतीनं म्हणतोय. तुमचा मान वाटला मला."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. माझ्या गप्प बसण्याला इतकी दाद आयुष्यात कुणी दिली नव्हती.

वर्षा माझ्याकडं वळली.

"मी मुद्दाम गप्प बसलो," मी म्हणालो. "तात्यांनी आदल्या दिवशी सगळं समजावलं होतं. मला कळलं होतं. तुमचं घर मेंढरांचं, म्हणून गप्प बसलो. आणि हिला सांगितलं की तुम्ही विचारलंच नाही."

शेळीनं पाय झाडला. मग चौकटीतून संपतच्या आईचा आवाज आला.

"मेंढरं इकून लई दिस झालं की वो, पाव्हणं. वास येतुय व्हय अजून?"

आबांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग त्यांनी मला जे विचारलं ते सबंध विचारलं. अशा प्रसंगात त्यांनी मला पुरा विचारलेला प्रश्न तेवढा एकच.

"आता बी तसंच वाटतंय का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. सगळे तेच ऐकायला बसले होते.

"थोडं वाटतं," मी म्हणालो. "कमी झालंय. किती ते मला कळत नाही."

"मला संपत पसंत आहे," वर्षा म्हणाली.

"तुला कोन इचारलं गं?" आबा म्हणाले.

"कुणी नाही. तुम्ही विचारायची वाट बघत बसले तर इथंच म्हातारी होईन मी."

आत संपतची आई मोठ्यानं हसली. इतक्या मोठ्यानं की वर्षानं चमकून चौकटीकडं बघितलं. आबा मान हलवत उठले, हात धुतले, धोतराला पुसले.

"थोडं वाटतंय म्हणाला ते बरं केलं, गुरुजी," ते म्हणाले. "समदं गेलं म्हणाला असता, तर मी चहाच मागिवला असता." मग आत बघून, "भाकरी टाका गं. दोन माणसं जेवाया हायत."

बाजरीची भाकरी, शेंगांची आमटी, मिरचीचा ठेचा. वर्षाला आत बोलावून घेतलं. बाहेर मी आणि आबा समोरासमोर जेवत होतो आणि मला हुंकार देता येत नव्हता. ते बोलायचे, थांबायचे, माझा 'हं' उशिरा पडायचा. आदल्या दिवशी इतकं जमलेलं सगळं निसटलं होतं. आबांनी ते मनावर घेतलं नाही, स्वतःच आपली वाक्यं पुरी करत राहिले.

लग्न मे महिन्यात सणसरला झालं. वरातीपुढं गजी ढोल होता, संपतला स्वतःच्या लग्नात वाजवता येत नव्हतं म्हणून तो घोड्यावर बसून हात चाळवत होता. माझा धाकटा भाऊ आला नाही. मी रिंगणाच्या कडेला उभा राहून सम शोधत होतो. नाही सापडली.

वर्षा सणावारी येते. माझ्याशी नीट बोलते, माझ्यासाठी घरचं लोणी आणते. तिची भाषा आता बरीचशी तिकडची झाली आहे. नवऱ्याशी, सासूशी फोनवर बोलताना ती निम्मी वाक्यं सोडून देते आणि पलीकडून कुणीतरी ती उचलत असतं. माझ्याशी मात्र ती तसं बोलत नाही. मला काही विचारायचं असलं की ती शेवटच्या शब्दापर्यंत पूर्ण विचारते, आणि उत्तर येईपर्यंत समोर उभी राहते.